पहिला रंग तांदळाचा

परदेशातल्या आपल्या मंडळात दिवाळीला आणि पाडव्याला मुलांसाठी चित्रांचं टेबल लागतं. चार वर्षांपुढची मुलं तिथे रमतात. त्यांहून लहान मुलं आईबाबांच्या कडेवरून नुसती बघत राहतात, कारण हाताला लागेल ते तोंडात घालायचं त्यांचं वय असतं आणि टेबलावरचे रंग खाण्याचे नसतात. या सर्वांत लहान मुलांची बाजू घेऊन मी हा लेख लिहिते आहे. त्यांनाही रंग मिळावा. तो तोंडात गेला तरी चालेल असा असावा आणि घरच्या स्वयंपाकघरात शिजवलेला असावा. तो किती करायचा आणि कसा वापरायचा हे ठरवताना आपण सूरजागडकडे बघावं, असं माझं म्हणणं आहे.

माझा जिल्हा गडचिरोली. त्यातल्या एटापल्ली तालुक्यात जंगलाच्या पोटात सूरजागडची डोंगररांग आहे. भोवती माडिया गोंडांची गावं आहेत. दर जानेवारीत तिथे ठाकूरदेवाची यात्रा भरते आणि इलाख्यातली माणसं डोंगरावर जमतात. बाहेरच्यांना हे नाव माहीत असतं ते लोखंडाच्या खाणीमुळे. खाणपट्टा २००७ साली मंजूर झाला, २०१६ मध्ये खोदकाम सुरू झालं, मध्ये थांबलं आणि २०२१ पासून पुन्हा चालू झालं. त्या वादावर स्वतंत्र लिहावं लागेल. इथे मला हवा आहे तो त्या डोंगराचा रंग.

तो लाल आहे, कारण त्याच्या पोटात हेमॅटाइट म्हणजे लोहाचं ऑक्साइड आहे. आपण ज्याला गेरू म्हणतो, त्याचा लाल रंगही याच ऑक्साइडचा. तुळशीवृंदावनाला आपण तो फासतो, पोळ्याला बैलांच्या अंगावर त्याचे ठिपके काढतो, पालघरकडचे वारली लग्नाचं चित्र काढण्याआधी भिंत त्यानंच सारवतात. माणसानं वापरलेल्या सर्वांत जुन्या रंगांपैकी हा एक आहे. त्यामुळे 'मुलांना नैसर्गिक रंग द्या' असं कुणी म्हणालं की पहिला विचार मातीचाच येतो. माती आपली, रंग आपला, मग मुलाचा पहिला रंग तोच का नसावा?

तो नसावा, आणि हे ठामपणे सांगायला सूरजागडइतकी योग्य जागा नाही. निसर्गातून आलं म्हणून ते पोटात जाण्याजोगं ठरत नाही. गेरूत मातीबरोबर काय काय आलं आहे हे घरबसल्या कळत नाही, अंगणातल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात, आणि पांढऱ्यासाठी चुना घ्यावा तर तो तोंड आणि डोळे भाजतो. कुणाला वाटेल, निदान गेरूतलं लोह तरी मुलाच्या अंगी लागेल. तेही होत नाही. हेमॅटाइट पाण्यात विरघळत नाही आणि आतडं त्यातून जवळपास काहीच घेऊ शकत नाही. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर तीन मुलांपैकी दोघांमध्ये रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत दिसलं. एखादं मूल सतत माती खातं तेव्हा अनेकदा त्याच्या शरीरात लोहच कमी असतं, आणि माती खाऊन ती कमतरता भरून येत नाही. लोखंडाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलालाही लोह मिळतं ते ताटातूनच. म्हणून पहिली रेघ इथे ओढू या: मुलाचा पहिला रंग ताटातला असावा.

ही रेघ माझ्या मनची नाही. ती वारली भिंतीवर आधीच ओढलेली आहे. तिथे दोनच रंग असतात. खालचा लाल गेरूचा आणि वरचा पांढरा तांदळाचा. तांदूळ भिजवून वाटायचे, पाण्यात थोडा डिंक घालायचा आणि बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंचल्यानं चौक लिहायचा. एका भिंतीवर न खाण्याचा रंग आहे आणि खाण्याचाही आहे. आपल्याला लहानग्यांसाठी त्यातला पांढरा उचलायचा आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतही सणाला सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा चौक भरतात. चार जिल्ह्यांचा तो सगळा मुलूख धानाचा, म्हणून हाताशी असलेलं पीठच रंग झालं. त्या पिठाला मुंग्या लागल्या, चिमण्यांनी ते टिपलं, तर कुणी हळहळत नाही.

वारल्यांच्या याच मुलखात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी साधनं तिथल्या पाड्यांवर परवडणारी नव्हती आणि मुलांच्या ओळखीचीही नव्हती. त्यांनी बिया, पानं, शंखशिंपले, खडे, माती ही साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, हे त्यांनी करून दाखवलं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यातून घ्यावं ते हे की बालशिक्षणाचं साहित्य आधी घरात शोधायचं आणि मग दुकानात. आपल्या घरात तांदूळ आहे, हळद आहे, बीट आहे, पालक आहे. दीड वर्षाच्या मुलाला याहून जास्त रंग लागत नाहीत.

बाजारात बोटांनी रंगवायचे रंग मिळतात, मग हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. ते रंग वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ते कुणासाठी केले आहेत हे पाहावं. युरोपात अशा रंगांसाठी सुरक्षिततेचं मानक आहे, ईएन ७१ चा सातवा भाग. त्यानुसार या रंगांत कडू पदार्थ मुद्दाम घालावा लागतो, मुलानं ते चाटू नयेत म्हणून. मोठ्या मुलासाठी ही सोय चांगली आहे. दहा महिन्यांच्या मुलासाठी मात्र ती उलटी पडते. त्या वयात तोंड हे वस्तू ओळखण्याचं इंद्रिय असतं. साधारण सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत मूल सगळं तोंडात घालतं, नवव्या-दहाव्या महिन्यात त्याला अंगठा आणि तर्जनी जुळवून कण उचलता येतो, आणि तो कणही तोंडातच जातो. अशा मुलासमोर रंग ठेवून 'चाटू नकोस' म्हणत बसायचं, म्हणजे दर मिनिटाला त्याचा हात मागे ओढायचा. मग खेळ राहतो बाजूला आणि पहारा तेवढा उरतो.

बोटांनी रंगवण्याला शिक्षणात जागा मिळवून दिली ती रूथ फेसन शॉ या अमेरिकन शिक्षिकेनं. त्या रोममध्ये मुलांची शाळा चालवत होत्या. तिथेच त्यांनी यासाठी वेगळा रंग तयार केला आणि १९३४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाच्या तोंडात गेला तरी अपाय होऊ नये हा विचार त्या रंगामागे सुरुवातीपासून होता. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पोरी शहरात वर्षाच्या आतल्या बाळांसाठी 'रंगस्नाना'चे वर्ग निघाले. तिथे बोरवर्गीय फळं, भाज्या आणि मसाल्याचे पदार्थ यांपासून केलेल्या रंगांत बाळं हातपाय बुडवतात. फिनलंडच्या जंगलात जी फळं पिकतात ती त्यांच्या बाळांच्या हाताला लागतात. आपल्या बाळांच्या हाताला आपल्या शेताचं आणि जंगलाचं काही लागावं, एवढीच माझी इच्छा आहे.

आता सर्वांत मोठा आक्षेप. तो बहुधा व्हिडिओ कॉलवर येतो आणि आमच्याकडे असा येतो: "काय वं बाई, अन्नाचा असा खेळ करते का कोणी?" हा प्रश्न विचारणाऱ्या आजीला जुन्या वळणाची म्हणून गप्प करणं मला मुळीच पटत नाही. ती बरोबर बोलते आहे. एटापल्लीकडे पावसाच्या भरवशावर धानाचं एकच पीक येतं. उरलेलं वर्ष रेशनच्या तांदळावर, मोहाच्या फुलांवर, जंगलातल्या भाजीवर आणि तेंदूपानांच्या मजुरीवर काढायचं असतं. अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य ठरवलं आहे. दिवसाला ते १६५ ग्रॅमच्या आसपास भरतं. दुसरीकडे इथल्या काही बालवर्गांत परातभर पुडिंग, बादलीभर जेली, डबेच्या डबे रंगीत शेवया मुलांपुढे ओततात आणि तासाभरानं ते सगळं कचऱ्यात जातं. ते बघून आजीचं पोट तुटत असेल तर ते तुटायलाच हवं.

म्हणून माझी कसोटी सरळ आहे. सूरजागडच्या घरात जे करताना हात आखडेल, ते आपण इथे करू नये. एका मुलाच्या खेळाला दोन सपाट चमचे तांदळाचं पीठ पुरतं, फार तर २० ग्रॅम. चौक भरायला आजी स्वतः याहून जास्त पीठ घेते. पीठही नको असेल तर भात वेळून निघालेली पेज आटवून घ्यावी. झाडीपट्टीत ती पेज पितात, पूर्वी तिची खळ कपड्यांना लावत, आणि तीच मुलाचा रंग होऊ शकते. मग रंगासाठी म्हणून वेगळं अन्न काढावंच लागत नाही. बिटाचा रस काढल्यावर उरलेला कीस कोशिंबिरीत जातो, पालकाचा चोथा वरणात जातो. मुलानं अर्धा रंग चाटून संपवला तर उत्तमच. आजीला हे प्रमाण सांगितलं तर तिचा विरोध राहणार नाही, उलट खळ कशी घोटायची ते तीच शिकवील.

खळ सोपी आहे. दोन चमचे तांदळाचं पीठ थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवावं, मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळावं. पीठ शिजलं की मिश्रण चकचकीत आणि दाट होतं. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, तेव्हा कोमट पाण्यानं सैल करावं. मीठ नको, साखर नको. पीठ शिजवणं मात्र चुकवू नये, कारण कच्च्या पिठात जंतू असू शकतात. शिजलेल्या तांदळावरही बाहेर ठेवल्यास बॅसिलस सिरिअस नावाचे जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून खळ त्याच दिवशी करावी, त्याच दिवशी संपवावी.

या खळीचे चार भाग करावेत. एक पांढराच ठेवावा. दुसऱ्यात बीट किसून पिळलेला रस घालावा. तिसऱ्यात पालक उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकून वाटलेला. जास्त शिजवला की तो शेवाळी होतो. चौथ्यात हळद, तेलाच्या थेंबात कालवून, कारण हळदीचा रंग पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो. तपकिरी हवा असेल तर तांदळाऐवजी नाचणीची खळ करावी. तिच्यावर पांढऱ्या बोटानं ओढलेली रेघ अशी उठून दिसते की मूल पुन्हा पुन्हा बोट बुडवतं.

पाचवा रंग आमच्याकडचा, अंबाडीचा. लाल अंबाडीच्या फुलांच्या पाकळ्यांसारख्या मांसल भागांचं सरबत विदर्भात करतात. इथल्या दुकानात हीच वाळवलेली अंबाडी हिबिस्कस चहा म्हणून मिळते. खोक्यावर इतर काही मिसळलेलं नाही ना, तेवढं पाहून घ्यावं. गरम पाण्यात भिजवली की गर्द लाल रंग उतरतो. तीन वर्षांच्या मुलासमोर त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकून दाखवावा. लाल रंग जांभळा होतो, मग निळसर-हिरव्याकडे झुकतो. लिंबू पिळलं की पुन्हा लाल. हळदीत सोडा टाकला तर ती तांबूस होते. हळदीचं कुंकू करताना तिला चुन्यासारखा अल्कलीयुक्त पदार्थ लावतात तो याचसाठी. मुलाला आम्ल आणि अल्कली हे शब्द सांगायची घाई नको. रंग बदलला, एवढं त्यानं पाहिलं की त्या वयाला ते विज्ञान भरपूर आहे.

काही पथ्यं पाळावी लागतात. हा खेळ उष्टावणाच्या आधी नको. सहा महिने झाले, बाळ वरचं अन्न घेऊ लागलं, मान आणि पाठ सावरून बसू लागलं, की मग सुरू करावा. जो पदार्थ बाळानं जेवणात पचवला आहे तोच रंगात घालावा, म्हणजे अ‍ॅलर्जीचा प्रश्न आधीच कळलेला असतो. वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्यातून लहान बाळांना बोट्युलिझम होऊ शकतो. शेंगदाणे, डाळीचे दाणे, साबुदाणा सजावटीला म्हणूनही ठेवू नयेत, ते घशात अडकतात. बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लंगोट लाल दिसला तर घाबरू नये. हळदीच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवावेत. बांगलादेशातल्या हळदीत शिसेयुक्त पिवळा रंग मिसळला जात होता हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं दाखवून दिलं, आणि पुढे भारत व पाकिस्तानातल्या काही शहरांतल्या नमुन्यांतही शिसं सापडलं. सुटी हळद पाहुण्याच्या पिशवीतून आली असेल तर ती या खेळात नको. इथे ओली हळद मिळते, ती किसून पिळावी. आणि मूल रंगाजवळ असेपर्यंत मोठं माणूस त्याच्याजवळ असावं.

दुसरा आक्षेप मला पहिल्याइतकाच गंभीर वाटतो. खाण्याचा रंग दिला तर मूल पुढे सगळेच रंग खाईल का? ही भीती रास्त आहे, म्हणून जागा पक्की ठेवावी. हा खेळ जेवणाच्या खुर्चीत किंवा स्वयंपाकघराच्या फरशीवर, स्टीलच्या ताटात खेळावा. रंग मुलाच्या देखत शिजवावा. बाटल्यांत भरून, रंगांच्या डब्याशेजारी तो कधी ठेवू नये. कागदावरचे रंग आणि खडू वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी द्यावेत. तीनच्या पुढे तोंडात घालण्याची ओढ ओसरली की खळीचा खेळ आपोआप मागे पडतो. तो बालपणाच्या एका छोट्या टप्प्याचा आहे आणि तेवढ्यासाठीच मी त्याची वकिली करते आहे.

यातून मिळतं काय? रक्तक्षय यानं जात नाही, चित्रकार यानं घडत नाही, आणि कुणी तसं सांगून वर्ग विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मिळतं ते असं: मुलाला आपल्या बोटामागे रेघ उमटते हे कळतं. आपल्या हालचालीची खूण मागे राहते, हा शोध सगळ्या लेखनाच्या आणि चित्राच्या मुळाशी आहे. दुसरं, अन्नाची भीती कमी होते. इंग्लंडमधल्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१७ मधला अभ्यास सांगतो की ज्या तीन-चार वर्षांच्या मुलांनी खऱ्या फळाभाज्या हाताळून त्यांची चित्रं केली, त्यांनी नंतर इतर मुलांपेक्षा जास्त फळाभाज्या चाखून पाहिल्या. परदेशातल्या आपल्या घरांत पालक आणि बीट ताटाबाहेर ढकलणारी मुलं कमी नाहीत. त्यांच्या बोटांची आधी त्या भाजीशी ओळख होऊ द्या. तिसरं मला सर्वांत मोलाचं वाटतं. हा रंग कुठून आला, या प्रश्नाला घरातल्या प्रत्येक माणसाकडे उत्तर असतं. तांदूळ, हळद, अंबाडी यांच्याबद्दल आजीला सांगता येतं, आबांना सांगता येतं. बाटलीतल्या रंगाबद्दल ते काय सांगणार?

म्हणून आपल्या कार्यकारिणीला माझा प्रस्ताव असा आहे. येत्या पाडव्याला बालविभागात तीन वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी सतरंजी असावी. प्रत्येक घरानं एकच रंग, एकच लहान वाटी, त्याच सकाळी शिजवून, थंड डब्यातून आणावी आणि त्यात काय आहे ते वाटीवर मराठीत लिहावं. ताटं मंडळाची असावीत. उरलेली खळ कचऱ्यात टाकू नये, घरी नेऊन झाडांच्या मातीत घालावी. ज्या आजी-आजोबांना खळ घोटता येते, चौक भरता येतो, त्यांना या सतरंजीवर मानानं बसवावं, कारण या विषयातले जाणकार तेच आहेत. आणि त्या दिवशी जेवढे ग्रॅम पीठ मुलांच्या खेळाला लागलं, निदान तेवढे किलो धान्य गडचिरोलीतल्या एखाद्या आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचेल अशी वर्गणी आपण काढावी. ग्रॅमला किलो, हा हिशेब आपल्याला सहज परवडेल. आपल्या मुलांनी अन्नाशी खेळावं असं आपण म्हणतो आहोत, तेव्हा तिकडच्या मुलांच्या ताटाचा विचार करणं ही त्या खेळाचीच अट आहे.